झोफीच्या भट्टीचं दार

सिल्वासेग गावात भित्र्या माणसांची वाण कधीच नव्हती, पण पोडोर झोफीइतकी भित्री बाई आमच्याकडे दुसरी झाली नाही. वीज चमकली की ती आरशावर फडकं टाकायची. पोस्टमन फाटकापाशी रेंगाळला की ती चुलीमागे जाऊन उभी राहायची. गावचा दवंडीवाला ढोल बडवत कोपऱ्यावर आला, की हातातलं काम टाकून आधी नवरा कुठे आहे ते पाहायची. गल्लीतल्या बायका हसायच्या. हसणाऱ्यांचं काय जातंय? महायुद्ध सुरू झालं तेव्हा, चौदा साली, असाच ढोल वाजला होता आणि झोफीचे दोन्ही भाऊ त्याच्या मागून निघून गेले, ते गेलेच. नवरा इग्नाच तेवढा परत आला, तोही इटलीच्या डोंगरांतून अर्धा होऊन. त्यानंतर तिची दोन मुलं पाळण्यातच गेली. एवढं झाल्यावर जी बाई घाबरत नाही, तिला मी शूर म्हणणार नाही, तिला काही कळत नाही असं म्हणेन.

इग्नाच जमीनदाराच्या शेतावर मळणीचं वाफेचं इंजिन चालवायचा. माणूस अबोल, तेलकट हातांचा, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा. अशाच माणसांवर मोठ्या लोकांची नजर जाते. एका वसंतात बियाणं पेरायच्या यंत्रांच्या पेट्या घेऊन एक गाडी आली आणि गाडीबरोबर रुदनाय नावाचे कॅप्टनसाहेब आले. युद्धात ते इग्नाचचे अधिकारी होते. आता अंगावर साधा कोट होता आणि हुद्दा होता नदी-निरीक्षकाचा. तेव्हा देशात असे निरीक्षक उदंड झाले होते. युद्ध हरल्यावर जिंकलेल्या देशांनी तहात लिहून घेतलं होतं, की हंगेरीने मूठभर सैन्य ठेवावं, रणगाडे, विमानं, मोठ्या तोफा अजिबात ठेवू नयेत. मग अधिकारी कुणी जंगल मोजायला लागले, कुणी नदी, आणि त्यांच्या तोफा गवताच्या गंजीखाली झोपल्या. तह पाळला जातोय की नाही ते बघायला परदेशी अधिकाऱ्यांचा आयोग मोटारीतून देशभर फिरत होता.

कॅप्टनसाहेबांनी पेटीतून काढून इग्नाचच्या अंगणात ठेवलं ते एक पोलादी दार होतं. बोटभर जाड, कडेला रिव्हेटांची रांग, आणि मधोमध डोळ्यांच्या उंचीवर एक अरुंद फट. जर्मनांकडून गुपचूप घेतलेल्या रणगाड्याचं दार. रणगाड्याचे तुकडे करून ते ठिकठिकाणी ठेवले होते, कुठे ते कुणालाच सांगितलं नव्हतं. साहेब म्हणाले, देश एक दिवस हे मागायला येईल, तोवर जप. इग्नाचने टोपी हातात चुरगाळत विचारलं, आणि सापडलं तर?

"सापडलं तर तू ते चोरलंस," कॅप्टनसाहेब म्हणाले. "मी तुला ओळखत नाही, सरकार तुला ओळखत नाही. तुरुंगात जाशील, आणि तिथेही तोंड उघडायचं नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वास लागता कामा नये."

एवढं बोलून त्यांनी दारात उभ्या असलेल्या झोफीला झुकून नमस्कार केला आणि तिने दिलेली पालिंका एका घोटात संपवली. देशभक्तीला लागणारी दारूसुद्धा गरिबाच्याच घरची.

त्या दिवसापासून झोफीची झोप उडाली. दार डुकराच्या खोपटात, पेंढ्याखाली जमिनीला टेकवून ठेवलं होतं. डुक्कर त्यावर निवांत घोरायचं आणि घरातली बाई जागी राहायची. रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं, इग्नाचचे हात मागे बांधलेत आणि तो मागे वळून न बघता चाललाय. तशात तिला पुन्हा दिवस गेले. आता तर ती चालतानाही कुणी मागून येतंय का ते बघायची. नवऱ्याला म्हणाली, "अहो, ते नदीत टाकून द्या." तो म्हणाला, "नदीचे निरीक्षक तेच आहेत." आयुष्यात त्याने केलेला हा एकच विनोद, आणि तो करतानाही तो हसला नव्हता.

दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात आलुबुखार इतका पिकला की फांद्यांना टेकू द्यावे लागले. आमच्याकडे या फळाचा लेकवार करतात. साखरेचा कण घालायचा नाही, नुसता गर मोठ्या तांब्याच्या हंड्यात आटवायचा, काळा होईपर्यंत, पळी उभी राहीपर्यंत. गल्लीतली सात घरं मिळून एकच हंडा लावायची, दर वर्षी एकेकीच्या अंगणात. सगळ्यांची फळं त्या एका हंड्यात. पोरांना हिवाळाभर गोड म्हणून मिळायचं ते एवढंच. ढवळणं क्षणभर थांबवायचं नाही, हा नियम बाप्तिस्म्याइतका पक्का. ज्या बाईच्या हातून लेकवार करपला, तिचं नाव तिच्या नातवंडांनाही चिकटतं. आमच्या गावात एका घराला अजून ‘करपे’ म्हणतात आणि मूळ कुणाचा हात थांबला होता ते कुणाला आठवत नाही.

त्या वर्षी पाळी झोफीची होती. पहाटेच विस्तव पेटला आणि तासाभरात तिच्या भट्टीची मातीची भिंत पावसाने भिजलेली होती ती ढासळली. नदीकडून वारा सुटला होता. जाळ हंड्याखालून बाहेर पळायला लागला, गर थंड व्हायला लागला. बाकीच्या बायका दूध काढून येणार होत्या, आणि सगळ्यात आधी समोरच्या घरातली हाय्दू लीदी येणार होती. आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला नेनी म्हणतात; लीदी नेनी झोफीहून दहा वर्षांनी मोठी, जिभेला हाड नसलेली, पण जिवाला जीव देणारी. पोटातल्या मुलाची धर्ममाता तीच होणार हे ठरलं होतं. तिची फळं हंड्यात सगळ्यात जास्त होती.

भित्र्या माणसावर दोन भीती एकदम चाल करून आल्या, की जी जवळ असते तीच मोठी दिसते. आयोग कुठे तरी दूर होता, लीदीची जीभ समोरच्या फाटकात होती. झोफीने खोपटातून ते दार ओढत आणलं, धुतलं आणि वाऱ्याच्या बाजूने भट्टीला लावून टाकलं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, संध्याकाळी परत डुकराखाली. जाळ शहाण्यासारखा हंड्याखाली गेला. तेवढा त्या फटीतून लाल उजेड बाहेर डोकावत राहिला.

लीदीने आल्या आल्या विचारलं, हे कुठून आणलंस. झोफी म्हणाली, शेतावरच्या जुन्या बॉयलरचं आहे. लीदीने दाराकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि मग ढवळणी हातात घेतली. झोफीला तेव्हा वाटलं, चला, निभावलं.

दुपार कलली तेव्हा लेकवार घट्ट होऊन फदफदायला लागला होता. नेहमी आयोग यायचा असला की नोटरीच्या, म्हणजे गावच्या कारभाऱ्याच्या, कचेरीत आधी वर्दी पोचायची आणि ढोलवाला कुठलीतरी खोटीच दवंडी देत गावभर फिरायचा, ज्याने समजायचं तो समजायचा. त्या दिवशी मोटार नदीपलीकडून तराफ्यावर चढून आली. वर्दी नाही, ढोल नाही. झोफीच्या फाटकापाशी इंजिन बंद झालं तेव्हाच बायकांनी माना वळवल्या.

उतरले चौघं. एक उंच इंग्रज अधिकारी, एक ठेंगणा फ्रेंच, त्यांचा कोवळा दुभाष्या, आणि पाहुण्यांना सांभाळायला दिलेला आपलाच एक मिशीवाला मेजर. दुभाष्याने सांगितलं, साहेबांना वास आवडला, काय शिजतंय ते बघायचंय. बायकांनी साहेबांना पावाच्या तुकड्यावर लेकवार दिला. इंग्रजाने तो खाल्ला, छान म्हणाला, दुसरा मागून घेतला. झोफी ढवळत होती. तिने हंड्यातून नजर वर काढली नाही. आता जातील, देवा, आता जातील, एवढंच ती मनात म्हणत होती.

इंग्रज साहेब पावाचा तुकडा चघळत भट्टीला वळसा घालून वाऱ्याच्या बाजूला आला आणि थांबला. मग वाकला. फटीतून येणारा उजेड त्याच्या तोंडावर पडला. मेजरनेही तिकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. सैन्यातला माणूस, त्याने दार ओळखलं. ओळखून त्याने काय केलं म्हणाल, तर खिशातून रुमाल काढून मान पुसली.

साहेबाने विचारलं, हे लोखंड कशाचं. झोफीने बॉयलरचं सांगितलं. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही, म्हणून परत सांगितलं. साहेब म्हणाला, बाहेर काढा, मला बघायचंय. बायका म्हणाल्या, तापलंय, हात कोण लावणार. मग विस्तव विझवा, साहेब म्हणाला. त्यावर लीदी नेनी जी सुटली! सात घरांचं पीक आहे, विस्तव विझवला तर लेकवार वाया जाईल, विझवा म्हणायला तुमच्या बापाचा हंडा आहे का, हे सगळं तिने हात नाचवत ऐकवलं. दुभाष्याने त्यातलं निम्मं गिळलं. साहेब हसला. बाकावर बसला, पाय पसरले, आणि म्हणाला, ठीक आहे, मी थांबतो. तुमचं झालं की बघू. मला घाई नाही.

एवढ्यात इग्नाच आला. शेतावरून मोटार दिसली तसा धावत आला होता. फाटकात उभा राहिला, दार पाहिलं, बायको पाहिली, साहेब पाहिला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर झोफीला बरं वाटलं असतं. त्याने टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरली, जणू न्यायला आलेच आहेत.

झोफीला ते पाहवलं नाही. हे मी केलं, तिच्या मनात आलं, माझ्या हाताने केलं. लेकवार व्हायला फार तर तासभर उरला होता. मग विस्तव विझणार, दार निवणार, आणि साहेब ते उलटंपालटं करून बघणार. इग्नाच जाणार. पोटातलं मूल बापाचं तोंड न बघता वाढणार. तशा भीतीतच तिने बाजूच्या ढिगातून मक्याची वाळकी कणसं ओंजळीने उचलली आणि जाळात घातली. परत घातली. बाभळीचं सुकं सरपण घातलं. आणि ढवळणं थांबवलं.

बायकांना क्षणभर कळलंच नाही. घट्ट लेकवार न ढवळता जोराने तापला की तो उडतो. पहिला फदका इग्नाचच्या पायाशी पडला, दुसरा साहेबाच्या मानेवर. तो किंचाळत उठला. हंडा गदगदला, काठावरून काळा गर ओसंडला आणि दारावरून सावकाश खाली ओघळत जाळात गेला. धुराचा असा लोट उठला की अंगणात माणसाला माणूस दिसेना. "ढवळ गं, ढवळ," बायका ओरडत होत्या, आणि झोफी ढवळणी हातात घेऊन उभी होती, नुसती उभी. मनगटावर गर पडून कातडी सोलवटली तरी तिने हात मागे घेतला नाही. सगळ्यात वरचा आवाज लीदी नेनीचा होता.

"मेली झोपली काय? सात घरांच्या तोंडात माती घातलीस! हिच्या दारात यायलाच नको होतं. चला गं, उठा, आपापल्या घरी चला. आणि तुम्हीही निघा साहेब, इथे काही राहिलं नाही बघायला."

खोकत, डोळे पुसत साहेब एकदा परत आला. छडीने त्याने दार टोकरून पाहिलं. वरपासून खालपर्यंत करपलेल्या लेकवाराचा टणक काळा थर बसला होता, रिव्हेट नाही की फट नाही, काही दिसत नव्हतं. छडी चिकटली, ती त्याने झटकून काढली. मेजरला आता एकदम कंठ फुटला. अंधार व्हायच्या आत पुढचं गाव गाठायला हवं, साहेबांच्या मानेला लोणी लावायला हवं, असं तो मोटारीपर्यंत बोलत गेला. मोटार गेली.

अंगण रिकामं झालं. बायका आपापली रिकामी मडकी घेऊन गेल्या, वळूनही न बघता. इग्नाच भट्टीपाशी बसून राहिला. बऱ्याच वेळाने त्याने झोफीचा हात ओढून पाण्याच्या बादलीत बुडवला आणि धरून ठेवला. झोफीला रडू आलं नाही, नुसती थंडी वाजत राहिली.

दार दुसऱ्याच दिवशी फळबागेत खोल पुरलं. पण लागलेला बोल असा पुरता येत नाही. हिवाळा आला, पोरं कोरडा पाव खाऊ लागली, आणि झोफी विहिरीवर गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. सांगावं तर कुणाला? एकीला सांगितलं की सातींना कळणार, सातींना कळलं की कॅप्टनसाहेबांना. तिने एकदाच म्हटलं, माझा हात थांबला. त्यावर बायकांनी घागरी उचलल्या आणि चालू लागल्या.

फेब्रुवारीत मुलगी झाली. आमच्याकडे बाळंतिणीला धर्ममातेने झाकलेलं ताट आणायचं असतं, कोंबडीचं सूप, भाजलेलं मांस, गोडाची पोळी. ते ताट आल्याशिवाय बाळंतपण झाल्यासारखं वाटत नाही. झोफी खिडकीकडे तोंड करून पडून राहिली. समोरच्या घरातून धूर निघायचा, लीदी नेनी अंगणात यायची, कोंबड्यांना दाणे टाकायची, आत जायची. या खिडकीकडे तिने मानही वळवली नाही. आठवडा गेला आणि झोफीने वाट बघणं सोडलं. बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून पाद्रीसाहेबांच्या बायको उभ्या राहिल्या, त्यांना तर ऐकूही येत नव्हतं. मुलीचं नाव राखेल. झोफीने तिला कुशीत वाढवलं, आणि चालायला लागल्यावर पहिली गोष्ट शिकवली ती ही, की रस्ता ओलांडायचा नाही.

वर्षं अशीच गेली. मग एका उन्हाळ्यात बातमी आली, आयोग देश सोडून गेला. आणि पुढे काही महिन्यांनी, चांगल्या उन्हात, दिवसाढवळ्या, दोन गाड्या गल्लीत शिरल्या. पुढे कॅप्टन रुदनाय, आता अंगावर गणवेश, छातीवर पदकं. झोफी ओट्यावर मुलीची वेणी घालत होती. तिच्या हातातून वेणी सुटली. इतकी वर्षं ज्याची भीती बाळगली ते आलंच अखेर, असंच तिला वाटलं. पण साहेब हसत होते. ढोलवाला पुढे चालत उघड पुकारत होता, की ज्याच्याकडे सरकारची ठेव असेल त्याने गाडीत आणून टाकावी.

इग्नाचने फळबागेत फावडं मारलं. झोफी फाटकात उभी राहिली, आणि तिने पाहिलं की कोपऱ्यावरचा शामू बाची, गावाचा शामूकाका, कोठारातून इंजिनाचा ओतीव तुकडा ढकलगाडीवर घालून आणतोय. त्याच्या शेजारचे दोघं भाऊ एक लांब दांडा खांद्यावर घेऊन आले. विधवा मार्ताने मधमाश्यांच्या पेटाऱ्याखालून दोन चाकं काढली. घराघरातून लोखंड बाहेर येत होतं. प्रत्येकाला इतकी वर्षं वाटत आलं होतं, आपल्यावरच ही आपत्ती आहे. फाटकांत उभी माणसं एकमेकांकडे बघत होती आणि कुणाला हसावं की शिव्या द्याव्या ते कळत नव्हतं. रुदनाय साहेब मात्र खूश होते. त्यांनी तेच सात घरांना सांगितलं होतं, तू चोरलंस, मी तुला ओळखत नाही.

लीदी नेनी सगळ्यात शेवटी आली. एप्रनमध्ये रणगाड्याच्या पट्ट्याचे जड लोखंडी तुकडे होते, पांढरे, स्वच्छ, आंबट वास येणारे. इतकी वर्षं तिने ते कोबीच्या पिंपात कोबी दाबायला दगडांच्या जागी ठेवले होते. तिने ते गाडीत टाकले, हात पुसले, आणि इग्नाच ओढत आणत होता त्या दाराकडे पाहिलं. त्याच्या कोपऱ्यांत अजून काळं काहीतरी चिकटलेलं होतं.

रस्ता ओलांडून ती झोफीच्या फाटकापाशी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मुद्दाम थांबवलास हात," ती म्हणाली.

झोफीने होय म्हणून मान हलवली. मग इतक्या वर्षांचं तिच्या तोंडून निघालंच. "लेकवारासाठी तुम्ही माझ्या लेकीचं ताट अडवलंत, नेनी. मी आठवडाभर खिडकीकडे बघत पडले होते."

"लेकवार गेला खड्ड्यात," लीदी म्हणाली. "दार बघितलं तेव्हाच मला कळलं होतं ते काय आहे. माझ्या पिंपात त्याचीच भावंडं होती. ओरडले ती सगळ्यांनी उठून जावं म्हणून, साहेबाने उठून जावं म्हणून. आणि नंतर वाटायचं, तो साहेब तुझ्यावर पाळत ठेवून असेल, तुझ्या घरी जो जाईल त्याचंही घर बघेल. ताट दोनदा भरलं गं. दोनदा, अंधार पडल्यावर, माझ्या फाटकापर्यंत आणलं. भीती वाटली."

झोफीला वाटलं आपण आता काहीतरी बोलावं. रागाचं असतं तरी चाललं असतं. पण इतकी वर्षं ज्या रागाला तिने जपलं होतं त्याच्या जागी तिला तिचीच ओळखीची गोष्ट, भीती, सापडली होती, आणि तिच्यावर ती रागवणार तरी कशी.

वेणी अर्धी सुटलेली राखेल आईच्या घागऱ्यामागून बघत होती. लीदी नेनी गुडघ्यावर बसली आणि तिने हात पुढे केला. पोरीने आईकडे पाहिलं. समोरच्याच घरात राहणाऱ्या या बाईला काय म्हणून हाक मारायची, ते तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.